जाताना ओरडणारं मशीन

आधीच सांगतो, मी तापट माणूस आहे. घोडेगावात तहसील कचेरीच्या अलीकडं माझं मोटारी भरायचं दुकान आहे. मोटर जळाली की आतली काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी भरायची, वार्निश मारायचं आणि शेतकऱ्याला परत द्यायची, हा माझा पंचवीस वर्षांचा धंदा. तालुक्यातल्या निम्म्या विहिरींवर माझ्या हातची मोटर चालते. त्यामुळं मोटरीतलं कुणी मला शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. आमची झुंबरबाई म्हणते, "सावळेराम मिस्त्रींच्या दुकानावर पाटी लावा, मोटरीसंगट शिव्या फुकट." बायको आहे, तिला सगळं माफ. पण ती खोटं बोलत नाही.

आज सांगतोय ते मात्र पोपटचं. माझ्या या तोंडामुळं त्याच्यावर काय वेळ आली, तेही त्यातच आलं.

पोपट माझ्याच वयाचा. डिंभ्याच्या धरणाचं काम चाललं होतं तेव्हा तिथल्या वर्कशॉपात हेल्पर म्हणून लागला आणि चौदा वर्षं हेल्परच राहिला. तिथं एक पॉवर हॅकसॉ होती, म्हणजे लोखंड कापायची मोटरवरची करवत. मनगटाएवढा जाड बार हातानं कापायला घ्याल तर निम्मा दिवस गेला. हे मशीन तेवढंच काम चहा पिऊन होईस्तोवर उरकायचं. ते चालवायला एक ऑपरेटर होता. पोपटचं काम एवढंच, की मशीनच्या पुढच्या तोंडाशी उभं राहायचं आणि ब्लेड तापू नये म्हणून त्यावर साबणाचं पाणी ओतायचं. बटणाकडं त्याचा हात गेला की ऑपरेटर म्हणायचा, "पोपट, लांब हो." चौदा वर्षांत त्याला एकदाही बटण दाबू दिलं नाही. का, ते पोपटनं कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. आपल्या गावात राहणाऱ्याला ते विचारावं लागत नाही.

धरणाचं काम संपलं, माणसं घरी पाठवली. पोपटनं बुद्धविहारामागच्या आपल्या घराला पत्र्याची पडवी काढली आणि तिथंच वर्कशॉप थाटलं. खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं, पंपाचे शाफ्ट, गाडीचे आस. सगळं कापणं हातानं. पण काय हात होता, राव! त्यानं कापलेल्या तुकड्याला काटकोन बघायचा गुण्या लावला तर मधून उजेड दिसायचा नाही. माझ्याकडं मोटर घेऊन आलेल्या माणसाला शाफ्ट लागला की मी त्याच्याकडंच धाडायचो. तो मला 'भाऊ, तुमी' म्हणायचा, मी त्याला 'अरे पोपट' म्हणायचो. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. निदान मला तरी वाटत नव्हतं.

दोन हजार सालच्या दिवाळीत त्याचा उजवा खांदा आखडला. सदऱ्याची बाही चढवायला चिमाबाई लागायची, म्हणजे त्याची बायको. मंचरच्या डॉक्टरनं सांगितलं, करवत हातात धरायची नाही, धरली तर हात कायमचा जाईल. त्याचा मुलगा रत्नदीप भोसरीत एका कंपनीत मशीनवर होता. जानेवारीत त्यानं तिथल्याच एका गोडाऊनवर बापासाठी वॉचमनची जागा बघितली. एक मेपासून हजर व्हायचं. "बाबा, बसून काम हाय," तो म्हणाला.

"बसून?" पोपट मला सांगताना म्हणाला, "भाऊ, मी बसून करू काय? येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम?"

आणि त्याच महिन्यात त्याला ते मशीन सापडलं. मंचरच्या भंगाराच्या दुकानात, तुटक्या नळांच्या ढिगाखाली. धरणावरचंच. करवतीच्या कमानीला एकदा चीर गेली होती आणि तिथं वेल्डिंगचा जाड गठ्ठा होता, त्यावरून त्यानं ओळखलं. मोटर जळालेली, बुश झिजलेले, पट्ट्यावरचं झाकण गायब, गंज तर असा की बोट लावलं की पापुद्रा हातात यायचा. ट्रॉलीतून उतरवलं तेव्हा चिमाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "ह्ये मढं घरात कशाला आणलंय?"

पोपट म्हणाला, "ह्ये चाललं तर मी हितंच ऱ्हातो. न्हाई चाललं तर भोसरी."

एवढा सरळ हिशेब होता. लोखंड कापायला मशीन असलं की खांद्याला त्रास नाही. मशीन नाही तर वर्कशॉप नाही.

मग अडीच महिने तो त्या मशीनच्या मागं लागला. रॉकेलमध्ये भिजवलेली फडकी गुंडाळून ठेवायची, दोन दिवसांनी नट हलतो का बघायचं, नाही हलला तर पुन्हा भिजवायचं. मी असतो तर घण घातला असता. त्यानं एक नट मोडला नाही. काढलेला प्रत्येक भाग ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं तो खाटेवर मांडायचा. चिमाबाई दोन महिने जमिनीवर झोपली. "सवत परवडली," ती मला म्हणाली, "ती निदान अर्धी खाट तरी सोडती." गनमेटलचे नवे बुश मंचरला करून आणले. कमान ज्या पट्टीवर सरकते ती त्यानं पॉलिश पेपरनं डाव्या हातानं घासली, तोंड दिसेस्तोवर. आणि मोटर माझ्याकडं आली.

मी ती जीव लावून भरली, यात खोटं नाही. मोटर थ्री फेजची आणि त्याच्या घरात सिंगल फेज. पण आमच्याकडं त्याचं काही अडत नाही. एखादा फेज गेला की आमचे शेतकरी कंडेन्सर लावून मोटर चालवतातच, आणि हजार विहिरींवर ते जोडून देणारा मीच. तसंच इथं जोडलं. डोळे झाकून जोडलं म्हटलं तरी चालेल.

मशीन सुरू करायला पोपटनं चौदा एप्रिल धरला. जयंतीचा दिवस, रत्नदीप आणि त्याची बायको कल्याणी भोसरीहून आलेली, वस्तीत निळे झेंडे, पांढरे कपडे घातलेली माणसं. मिरवणुकीला अजून वेळ होता म्हणून पाच-पंचवीस जण पडवीत जमले. मी सवयीनं नारळ घेऊन गेलो. पोपट हसला. "भाऊ, मशीनवर फोडू नका. चिमा चटणी करंल." मी ओशाळलो, पण त्यानं तो नारळ इतक्या आदरानं आत दिला की माझं वाईट वाटणं तिथंच गेलं.

मशीनला हिरवा ऑइल पेंट लावला होता. शिकंज्यात दोन इंची बार आवळला, नवं ब्लेड चढवलं. पोपटनं बटण दाबलं. चौदा वर्षं लांब राहिलेल्या माणसानं! मोटर घुमली, कमान हलली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. अशी मोटर घुमली की मीच माझी पाठ थोपटणार होतो.

आणि ब्लेड कापेचना. लोखंडावर नुसती घासल्याची चकाकी. दहा मिनिटांत दात बोथट झाले. दुसरं ब्लेड लावलं, कमानीवरचं वजन वाढवलं, त्याचे दात उडाले. तिसरं तर मधोमध तुटलं आणि तुकडा पत्र्यावर जाऊन आदळला. बायका मागं सरल्या. टाळ्या कधीच थांबल्या होत्या.

पोपट मशीनच्या पुढच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला, जिथं तो चौदा वर्षं उभा होता. मान वाकडी करून ऐकत राहिला. मग म्हणाला, "भाऊ, आवाज उलटा येतोय."

"उलटा म्हंजे?"

"धरणावर ह्ये माझ्यापास्नं जाताना वरडायचं. आता माझ्याकडं येताना वरडतंय."

आता बघा, एवढी माणसं जमलेली. तीन ब्लेडं वाया गेलेली. आणि त्यात हा माझ्या मोटरीला नाव ठेवतोय असं मला वाटलं. माझा पारा चढला.

"अरे, मशीन हाय का बैल हाय, येताना-जाताना वरडायला? पोपट, तू चौदा वर्सं साबणाचं पाणी वतलंस. मोटरीतलं तुला काय कळतंय? मोटर माझी हाय. तुझ्या फिटिंगमधी बघ काय झालंय ते."

पोपटनं माझ्याकडं बघितलं, मग खाली. "खरं हाय भाऊ," म्हणाला, "तुमी मिस्त्री."

रत्नदीपनं बटण बंद केलं. "बाबा, बास झालं आता. तुमाला न्हाई जमायचं ह्ये. लोकं हसत्यात."

बाहेर मिरवणुकीचा ताशा सुरू झाला आणि एकेक करत सगळे तिकडं गेले. पोपटनं मशीन पुसलं, त्यावर ताडपत्री टाकली आणि चारी कोपरे बांधले. तीस एप्रिलला तो भोसरीला गेला. चिमाबाई शेरडांसाठी मागं राहिली.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण माझी चूक आहे असं नाही वाटलं.

मे महिन्याच्या मध्यावर डिंभ्याचा गेणभाऊ दुकानात आला. चांगला बागायतदार, धरणाच्या पाण्यावर त्याचा मोठा मळा. म्हणाला, "सावळेराम, मोटर चालती पण पाणी करंगळीएवढं पडतंय. आन् आवाज बी उलटा वाटतोय."

"उलटी फिरत असंल," मी म्हणालो. "लाइनीचं काम झालं का मधी? कंडेन्सरची तार ह्या खुंटीवरनं काढून त्या खुंटीवर लाव, सरळ फिरंल." हातातलं काम न थांबवता सांगितलं. गेणभाऊ गेला.

मग माझा हात थांबला.

गेणभाऊनं 'आवाज उलटा' म्हटलं आणि मी त्याला विचारलंसुद्धा नाही की मोटर आहे का बैल आहे. मला लगेच कळलं. तोच शब्द, तीच तक्रार. दुकान तसंच उघडं टाकून मी बुद्धविहारामागं गेलो. चिमाबाई धुणं वाळत घालत होती. "जरा मशीन बघतो," म्हणालो. ताडपत्री सोडली, पट्टा हातानं फिरवून बघितला.

पाच मिनिटांचं काम. या मशीनची कमान एका खेपेला खाली दाबून कापते आणि परतीच्या खेपेला जराशी वर उचलली जाते, ब्लेडचे दात घासू नयेत म्हणून. मोटर उलटी फिरली तर सगळंच उलटं. कापायच्या खेपेला करवत वर, आणि परत येताना लोखंडावर दाबून घासते. पाण्याच्या मोटारी ज्या अंगाला फिरतात त्याच अंगाला मी हीसुद्धा जोडली होती. आमच्या तालुक्यात मोटर म्हणजे पाण्याचीच, दुसरी कधी हाताखाली आलीच नाही. फिरायची दिशा दाखवणारा बाण ज्यावर असतो ते झाकण भंगारात गेलेलं. पण बाण लागतो कशाला, जिवंत माणूस सांगत होता!

पोपटची फिटिंग एक केसभर चुकली नव्हती.

"काय सापडलं का, भाऊ?" चिमाबाईनं विचारलं.

"न्हाई, न्हाई," मी म्हणालो, "असंच." आणि ताडपत्री पुन्हा बांधली.

हे सांगायला मला आजही लाज वाटते. एक तार या खुंटीवरून त्या खुंटीवर, एवढंच करायचं होतं. पण मग सांगावं लागलं असतं. पंचवीस माणसांसमोर ज्याला गप्प केलं तो बरोबर होता आणि घोडेगावातला मोटरवाला सावळेराम चूक होता, हे बाजारभर झालं असतं. उद्या सांगू, सोमवारी सांगू, असं करत मी मे घालवला, जून घालवला, अर्धा जुलै घालवला. घरात सगळ्यांवर खेकसायचो. झुंबरबाई म्हणाली, "तुमाला झालंय काय? जेवण तरी गोड मानून घ्या." तिलाही सांगितलं नाही.

मग एक दिवस चिमाबाई दुकानात आली. "भाऊ, रत्नदीप म्हणतोय मशीन इकून टाका. भंगारवाला रविवारी येनार हाय. तुमी भरलेली मोटर तेवढी काढून घ्या, चांगली हाय ती."

माझी मोटर चांगली आहे म्हणे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं भोसरी गाठली. विचारत विचारत गोडाऊन शोधलं. फाटकाशी लोखंडी खुर्ची, त्यावर पोपट. अंगात दोन मापं मोठा निळा युनिफॉर्म, गळ्यात शिट्टी. मी जवळ गेलो तसा तो ताडकन उठला आणि त्यानं कपाळाला हात लावून मला सलाम ठोकला. दुखऱ्या खांद्यानं, निम्म्यातच अडलेला. मग ओळख पटली. "आरं, भाऊ! तुमी हितं?"

मी काही प्रस्तावना केली नाही, मला येतही नाही. "पोपट, मोटर मी उलटी जोडली व्हती. आवाज उलटा येत व्हता. तू म्हणलास ते खरं व्हतं."

तो पुन्हा खुर्चीवर टेकला. "तुमाला कधी कळलं?"

इथं खोटं बोलता आलं असतं. "मे म्हैन्यात," मी म्हणालो.

"आता जुलै हाय."

"हाय."

मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मी बी शाना न्हाई भाऊ. माझा कान सांगत व्हता. पण तुमी बोलला आन् मला वाटलं, मिस्त्रीच बरोबर आसंल. जल्मभर तसंच वाटत आलंय." मग खुर्चीवरून उठला. "ह्ये मला सांगून काय उपेग न्हाई. ह्ये माझ्या पोरासमोर बोला."

संध्याकाळी रत्नदीपच्या खोलीवर गेलो. कल्याणीनं चहा ठेवला. मी चहाला हात लावण्याआधीच बोललो. मोटर माझी, चूक माझी, तुझ्या बापाच्या फिटिंगमध्ये काडीची चूक नव्हती, आणि मला कळून दोन महिने झाले. एका दमात सगळं. रत्नदीप स्वतः मशीनवरचा माणूस, त्याला समजावून सांगावं लागलं नाही. त्याचा चेहराच उतरला. बापाकडं बघून म्हणाला, "मी त्या दिवशी लई बोललो, बाबा."

"तू येकटा न्हाई," पोपट म्हणाला.

कल्याणीनं पदर डोळ्यांना लावला. रत्नदीप उठला, खुंटीवरचा युनिफॉर्म नीट घडी करून बाजूला ठेवला. "उद्या मी देऊन येतो परत," एवढंच बोलला.

शनिवारी मी, पोपट आणि रत्नदीप घोडेगावला उतरलो. चिमाबाईनं मला दारातच गाठलं. "मे म्हैन्यात ताडपत्री काढली व्हती तवाच कळलं व्हतं ना तुमाला? तुमचं त्वांड बघूनच मला शंका आली व्हती. आवो, येवढं मोठं त्वांड हाय तुमचं, येक शब्द निघंना व्हय त्यातनं?" मी ऐकून घेतलं. कुणाकडून ऐकून घ्यायची मला सवय नाही, पण त्या दिवशी ऐकून घेतलं.

कंडेन्सरची तार मी बदलली. बार आवळला, नवं ब्लेड पोपटनं लावलं. मी सवयीनं बटणाकडं हात नेला. मोटर माझी, पहिल्यांदा मीच चालवणार, हातच तसा वळलेला.

"भाऊ," पोपट म्हणाला, "जरा लांब व्हा."

रागानं नाही, हळूच म्हणाला. पण मी चमकून त्याच्याकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत नव्हता, त्याचं लक्ष ब्लेडवर होतं. मी लांब झालो.

त्यानं बटण दाबलं. कमान सरकली. मला आता काम काय? बाजूला साबणाच्या पाण्याचा डबा होता. तो उचलला आणि मशीनच्या पुढच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो, पोपटच्या जागेवर. ब्लेडवर धार धरली. कमान माझ्याकडं आली, गप्प. माझ्यापासून गेली, खर्रर्र. पुन्हा आली, गप्प. पुन्हा गेली, खर्रर्र. पांढऱ्या पाण्यातून लोखंडाचा चुरा खाली पडायला लागला.

तिथं उभं राहिल्यावर इतकं साफ ऐकू येत होतं, की त्यात न कळण्यासारखं काहीच नव्हतं.

"मिस्त्री," मी मोठ्यानं विचारलं, चिमाबाई आणि रत्नदीपला ऐकू जाईल असं, "आता बरोबर येतोय का आवाज?"

पोपटनं मान वाकडी करून ऐकलं. "पाणी जरा कमी वता," तो म्हणाला.